जावयाचा लगाम

९ नोव्हेंबर

अप्पा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्या घरात जेवढं ठीक असू शकतं तेवढं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ताईंना मध्ये घालून बोलावं तर त्या अर्धं स्वतःच्या मनाचं सांगतात. म्हणून पत्र लिहितेय. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याला चार महिने झाले. जाताना बॅगसुद्धा मला उचलू दिली नाहीत आणि त्यानंतर एक ओळ नाही. मला राग आलाय. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

काम जावयाचं आहे. तुम्ही त्याचं नावच टाकलंय असं ताई म्हणाल्या, म्हणून आठवण करून देते. शर्यतीच्या तबेल्यात सहा वर्षं तुम्ही ज्याला रोज खरारा केलात, खाण्यावरून रुसतो म्हणून ज्याचं नाव तुम्हीच जावई ठेवलंत, तुमचा मुलगा ज्याच्यावर बसून अकरा शर्यती जिंकला आणि दोघं एकाच वर्षी निवृत्त झाल्यावर ज्याला मी शिकवते त्या घोडेस्वारीच्या शाळेत घेऊन आला, तो घोडा. तो अजून इथेच आहे. रोज सकाळी दारावर मान टाकून ह्यांची वाट बघतो. मी दिसले की मान आत घेतो.

शाळेच्या आवारात तो गाय आहे. लहान पोरंसुद्धा त्याला फिरवतात. पण फाटकाबाहेर, अनोळखी जागी नेला की त्याला घाम फुटतो, डोळे पांढरे होतात आणि तो कुणाचा राहत नाही. ह्यांचा जीव गेला त्या मैदानावर झालं तेच. शाळेच्या मालकीणबाई म्हणतात, आपल्या शाळेला घोडे नदीवर न्यावे लागतात, दुसऱ्यांच्या मैदानांवर न्यावे लागतात. जो बाहेर बसू देत नाही तो ठेवून काय करू? फेब्रुवारीअखेरपर्यंत तो बाहेर शांत राहिला तर राहील, नाहीतर त्या त्याला देऊन टाकणार. कुणाला, ते विचारलं तर उत्तर देत नाहीत.

ह्यांच्या मागे माझ्याकडे दुसरं काय आहे, अप्पा? चार शर्ट आणि हा घोडा. शर्टांना आता ह्यांचा वास येत नाही.

चाळीस वर्षं तुम्ही घोडे सांभाळलेत. नवीन जागी त्याला शांत कसं ठेवायचं ते सांगा.

तुमची सून


२० नोव्हेंबर

सूनबाई,

पत्र मिळालं. तब्येत बरी आहे. गुडघे आपले चालू आहेत.

घोडा देऊन टाक. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू शहाणी आहेस, शिकवणारी आहेस, पण शर्यतीच्या दिवशीचा घोडा तू जवळून पाहिलेला नाहीस. लाऊडस्पीकर ऐकला की त्याचं डोकं फिरतं. त्या दिवशी फिरलं, उद्या परत फिरेल. घरातलं एक माणूस गेलं तेवढं पुरे.

तो मला दारात उभा राहिलेला दिसू नये म्हणून मी इकडे आलो. त्याच्याबद्दल मला काही विचारू नकोस. तुझं स्वतःचं काही असेल ते लिही. जेवतेस का ते लिही.

अप्पा


२७ नोव्हेंबर

अप्पा,

जेवते. दोन वेळा, आणि पोळ्या पूर्वीसारख्याच जाड होतात. आता घोड्याचं लिहू?

तुम्ही सांगणार नाही म्हणालात म्हणून मी माझ्या अकलेने सुरुवात केली. परवा त्याला आंघोळ घातली, खरारा केला, पायांना पट्ट्या बांधल्या आणि वाटेत पोट बिघडू नये म्हणून सकाळचं खाणं दिलं नाही. ट्रकमध्ये चढवला आणि इथून वीस मिनिटांवर एक रिकामं पटांगण आहे तिथे नेला. पटांगणात माणूस नाही, कुत्रं नाही, लाऊडस्पीकर तर नाहीच. तरी ट्रकचं फळकं उघडलं तेव्हा तो ओलाचिंब होता आणि लटलट कापत होता. मी वर बसायचा विचारसुद्धा केला नाही. तासभर त्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि परत आणला. परतल्यावर तो दोन दिवस खाण्यावर रुसला, म्हणजे तुम्ही ठेवलेल्या नावाला जागला.

म्हणजे लाऊडस्पीकरचं तुमचं म्हणणं खरं नाही. त्याच्याशिवायही तो घाबरतो. मग घोडं नक्की कुठे पेंड खातंय?

तुम्ही नाही सांगितलंत तरी मी हे करणारच आहे. फक्त चुका करत करत करीन. एखाद्या दिवशी पडेन. बघा बुवा.

सून


६ डिसेंबर

पोरी,

ही धमकी आहे हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. तुझ्या नवऱ्याला असंच वळण होतं. नाही म्हटलं की करणार, आणि मग मला बोलावणार.

तू केलंस ते सगळं उलटं केलंस. ऐक. शर्यतीच्या दिवशी आम्ही काय करतो? पहाटे त्याचं खाणं कमी करतो, नंतर पाण्याची बादलीही उचलतो. आंघोळ, खरारा, पायाला पट्ट्या. मग ट्रक. तू त्याला पहाटेपासून शर्यत आहे शर्यत आहे म्हणून सांगितलंस आणि रिकाम्या पटांगणात नेऊन उभा केलास. बिचारा कापणार नाही तर काय करील? त्याच्या सबंध आयुष्यात अनोळखी जागेचा अर्थ एकच होता. तिथे पळायचं आणि पळून झालं की घरी यायचं.

तेव्हा आता असं कर. ज्या दिवशी बाहेर न्यायचा त्या दिवशी पोटभर खाऊ घाल. मळका तसाच ने. पट्ट्या नकोत. शाळेतली ती म्हातारी घोडी आहे ना, जिला जगाचं काही पडलेलं नाही, तिला शेजारी उभी कर. आधी आठवडाभर नुसता ट्रकमध्ये चढव, आत गवत खाऊ दे, उतरव. ट्रक चालू करू नकोस. मग ट्रक चालू करून फाटकापर्यंत जा आणि परत ये. मग पटांगण. तिथे उतरवून हातात दोरी धरून चारायला लाव. चरणारा घोडा मान खाली घालतो, आणि मान खाली गेली की जीवही खाली बसतो. तासभर चरला की घरी. बसायचं नाही. खोगीर नेऊच नकोस. अशा दहा-बारा वाऱ्या झाल्या की त्याच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरेल, की अनोळखी जागी जायचं ते खायला.

घाबरला तर डाव्या खांद्याशी उभी राहा, पुढ्यात नको. त्याच्या मानेवर हात ठेवून स्वतः मोठ्याने श्वास सोड. तो तुझा श्वास ऐकतो. तोंडाजवळ दोरी घट्ट धर, हात हलू देऊ नकोस. मी चाळीस वर्षं असाच धरला. एकदा नीट धरला की घोडा थांबतो.

लिहिणार नव्हतो, चार पानं झाली. तुझी नणंद विचारते, एवढं काय लिहिताय.

अप्पा


२ जानेवारी

अप्पा,

तुम्ही इथे असतात तर मी तुमच्या पाया पडले असते. पत्रातून पडते.

बारा वाऱ्या झाल्या. पहिल्या चार वेळा कापला, पाचव्या वेळी म्हातारीने त्याच्या पुढ्यातलं गवत ओढून खाल्लं आणि त्याला घाबरायचं सोडून तिच्यावर चिडावं लागलं. सहाव्या वेळी ट्रक थांबल्याबरोबर तो उतरायला पुढे झाला आणि सरळ गवताकडे गेला. नदीकाठ झाला, बाजारामागची मोकळी जागा झाली. तिथे एका बाईने वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडली तर त्याने नुसता कान वळवला. मी मळका घोडा घेऊन फिरते म्हणून मालकीणबाई नाक मुरडतात. मुरडू देत.

मग चार दिवसांपूर्वी खोगीर घातलं. नदीकाठीच बसले. दहा मिनिटं छान चालला. पलीकडून एक मोटरसायकल आली, त्याने मान वर केली आणि मी घाबरून लगाम आवळला. अप्पा, माझ्या खाली जणू दुसराच घोडा आला. पाठ ताठ झाली आणि सुटला. मी जितका ओढला तितका तो पळाला. अर्धा मैल तरी नेला असेल. शेवटी माझ्या हातांतलं बळच संपलं, बोटं सुटली, लगाम सैल झाला, आणि तो आपोआप दुडक्या चालीवर आला, मग थांबला आणि गवत शोधायला लागला.

मी वर बसून रडत होते आणि हसतही होते. कारण मला हे ठाऊक होतं. शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ह्यांचं एकच सांगणं असायचं: शर्यतीच्या घोड्याला लगाम आवळला की कळतं आता पळायचं, आणि शर्यत संपली की जॉकी उभा राहून हात सैल सोडतो तेव्हा कळतं आता झालं. "धरलास की गेला, सोडलास की राहिला." हे त्यांचं वाक्य. मी शंभर वेळा ऐकलंय. तरी ऐन वेळी हात आवळलेच.

तेव्हापासून लगाम सैल ठेवते, तो बिचकला तर गोल फिरवते, नाहीतर सरळ उतरून शेजारून चालते. काल त्याच जागी, तशीच मोटरसायकल आली आणि तो चालत राहिला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही चार पानं लिहिलीत, त्यात वर बसल्यावर लगामाचं काय करायचं याची एक ओळ नाही. कसे विसरलात? आणि दुसरी. लोकांनी मला सांगितलं होतं की ह्यांनी शेवटी लगाम जोरात ओढून धरला होता. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता राहून राहून वाटतं, जो माणूस दुसऱ्याला झोपेतसुद्धा सांगेल की आवळू नका, त्याने का आवळला?

सून


११ जानेवारी

सूनबाई,

घोडा चालायला लागला हे ऐकून बरं वाटलं.

लगामाचं राहून गेलं. मी खालून घोडा धरणारा माणूस. वर बसणाऱ्याचं वरच्याला ठाऊक.

घाबरला की माणूस हात आवळतो. तू आवळलास तसा त्यानेही आवळला असेल. फार उकरत बसू नकोस. गेलेलं माणूस परत येत नाही.

थंडी आहे. कान झाकून फिर.

अप्पा


३ फेब्रुवारी

अप्पा,

तुमचं एवढंसं पत्र वाचून वाटलं की तुमचं काहीतरी दुखतंय. गुडघ्यांखेरीज.

वाईट बातमी आधी. एका विद्यार्थिनीचे वडील मालकीणबाईंकडे आले. म्हणाले, माणूस मारणारा घोडा तो हाच का? मुलीचं नाव काढून घेऊन गेले. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं की आता चाचणी वगैरे काही नको, महिनाअखेरीला घोडा जाणार. मी म्हटलं, तो बाहेर शांत चालतो, या आणि बघा. त्या म्हणाल्या, "तो आज शांत आहे गं, पण कशाने बिथरला हेच माहीत नाही तर उद्याची हमी कोण देणार?" कुठे पाठवणार ते या वेळी त्यांनी सांगितलं. तिथून घोडा परत येत नाही, आणि तिथे तो फार दिवस ठेवतही नाहीत.

तो माणूस मारणारा नाही, अप्पा. त्याला सांगितलं तेच त्याने केलं असणार, हे मला त्याच्यावर बसून कळलंय. पण हे मी कुणाला पटवू?

आता दुसरं. त्या दिवशी मैदानावर जो फोटोग्राफर होता, तो काल पाकीट घेऊन आला. सात महिने त्याला द्यायचा धीर झाला नाही म्हणाला. ह्यांचा, पडण्याच्या क्षणभर आधीचा फोटो आहे. मला वाटलं होतं बघवणार नाही, पण रात्रभर उशाशी ठेवला. लगाम छातीपर्यंत ओढलेला आहे, मुठी पांढऱ्या पडल्यात. पण तोंड समोर नाही. डावीकडे कुंपणाकडे वळलेलं आहे आणि कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा चेहरा आहे. लहान मुलाचा असतो तसा.

कुंपणाशी त्या बाजूला तुम्हीच उभे होतात ना? मी ट्रकमागे म्हातारीचं दावं सोडत होते. मी बाहेर आले तेव्हा घोडा एकटाच परत येत होता. म्हणून त्यांची शेवटची नजर माझ्या वाट्याला आली नाही, याचं मला फार वाटत आलं होतं. फोटो बघून वाटलं, निदान बापाच्या वाट्याला आली. पडताना त्यांना तुम्ही दिसलात. एकटे नव्हते ते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तेवढाच तुमच्या जिवाला आधार.

फोटोची प्रत सोबत पाठवतेय.

सून


१२ फेब्रुवारी

अप्पा,

पत्र पोचलं ना? ताई म्हणतात तुम्ही जेवत नाही आणि भिंतीकडे तोंड करून बसता. फोटो पाठवायला नको होता का? मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. चुकलं असेल तर रागवा, पण लिहा.

सून


१७ फेब्रुवारी

पोरी,

तुझा काही गुन्हा नाही. तू फोटो पाठवलास त्यात तुझं भलंच मन होतं. माझंच आता लिहिल्यावाचून सुटत नाही.

तो मला बघत नव्हता. माझं ऐकत होता.

त्या मैदानावर लाऊडस्पीकर सुरू झाला तेव्हा जावई बिथरला होता, हे खरं. पण आपल्या पोराने त्याला हातात घेतलं होतं. लगाम सैल, गोल गोल फिरवत होता, मानेवर थोपटत होता. आता तू करतेस तेच. आणखी दोन फेऱ्यांत तो बसला असता. मी कुंपणाशी होतो. मला घोड्याचा डोळा दिसला, पांढरा झालेला, आणि लगाम असा लोंबता दिसला, आणि माझा जीव गोळा झाला. मी ओरडलो. "आवळ, लगाम आवळ." एकदा नाही, तीनदा. ऐकू कमी येणाऱ्याचा आवाज किती मोठा असतो ते तुला माहीत आहे. लाऊडस्पीकरच्या वर गेला असेल.

चाळीस वर्षं मी घोडा खालून धरला. जमिनीवर उभं राहून तोंडाशी घट्ट धरला की घोडा थांबतो. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक. वर बसलेल्याने धरला की तो पळतो, हे मला डोक्याने ठाऊक होतं, पण त्या वेळी डोकं कुठे होतं? हात ओरडला माझा.

आणि तो. जन्मभर माझं एक ऐकलं नाही त्याने. शाळा सोडू नको म्हटलं, सोडली. जॉकी होऊ नको म्हटलं, झाला. तुझ्याशी लग्न करू नको म्हटलं होतं, ते तुला आज सांगतो, तेही त्याने माझं न ऐकता केलं आणि बरं केलं. मग त्याच दिवशी का ऐकलं? सहा वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवला, तेव्हा तो माझ्याकडे तोंड वळवून बघायचा, पुढे काय करू म्हणून. फोटोत तसाच आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, ऐकलं, आणि आवळला. जावयाला सहा वर्षं शिकवलं होतं ते त्याने केलं. पुढे लोखंडी फाटक होतं.

आजूबाजूला आरडाओरडा होता, माझं कुणाला वेगळं ऐकू आलं नसावं. मी म्हटलं, लाऊडस्पीकरने घोडा पिसाळला. सगळ्यांना पटलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हा सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग बॅग उचलली आणि इकडे आलो. तू घोडा देऊन टाकशील, तो नजरेआड होईल, आणि तो बिथरला म्हणून पोरगा गेला हे कायमचं खरं होऊन बसेल, असं वाटलं होतं. म्हणून तुला देऊन टाक देऊन टाक म्हणत होतो. एका मुक्या जनावरावर ढकलून मी सात महिने जेवलो.

हे पत्र मालकीणबाईंना दाखव. कशाने झालं ते त्यांना हवं आहे ना? हे घे. त्या मुलीच्या वडिलांनाही दाखव, सगळ्या गावाला वाचून दाखव. घोडा निर्दोष आहे. त्याला वाचव.

तू बोलावलंस तर मी येईन आणि तोंडाने सांगेन. बोलावशील का?

अप्पा


८ मार्च

अप्पा,

तुमचं पत्र मी चाऱ्याच्या खोलीत उभ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तशीच घरी गेले. त्या दिवशी जावयाला खाणं घालायचं राहिलं. आजवर कधी राहिलं नव्हतं. तुम्हाला जे जे बोलायचं ते तीन दिवस भिंतीला बोलले. ते लिहीत नाही, तुम्हाला ते सगळं ठाऊकच असेल, स्वतःला रोज म्हणत असाल.

पत्र मालकीणबाईंना दाखवलं नाही. हातात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले होते. आत त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे आलं की उद्या सबंध गाव म्हणेल, बापाने मारला. मला ते ऐकवलं नसतं. तुमच्यासाठी नाही, अप्पा. आपल्या बापाला कुणी असं म्हटलेलं ह्यांना आवडलं नसतं म्हणून. मी पत्र परत पर्समध्ये ठेवलं आणि आत जाऊन म्हटलं, हमी मी देते. त्याच मैदानावर न्या. तसाच लाऊडस्पीकर लावा, माणसं उभी करा. तिथे तो शांत राहिला तर ठेवायचा, नाहीतर त्याच ट्रकमधून तुम्हाला हवा तिथे पाठवा. त्या हो म्हणाल्या.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता. सकाळी त्याला पोटभर खाऊ घातलं. मळका तसाच नेला. म्हातारी शेजारी होती. उतरल्यावर तासभर दोघांना चारलं, मग खोगीर घातलं. लाऊडस्पीकरवर कुणीतरी आकडे म्हणत होतं, शंभरेक माणसं होती. तुम्ही उभे होतात तिथे, कुंपणाशी, मालकीणबाई उभ्या होत्या. जावयाचे कान हलले, एक फेरी त्याने मान वर ठेवून घेतली, दुसऱ्या फेरीला खाली केली.

तिसऱ्या फेरीला ते लोखंडी फाटक समोर आलं. तोवर मी तिकडे बघितलं नव्हतं. बघितलं आणि माझे हात आवळले. कुणी ओरडलं नव्हतं, अप्पा. सगळे चिडीचूप होते. मला सगळं ठाऊक होतं, चार महिने मी दुसरं काही शिकले नव्हते, आणि तरी माझ्या मुठी छातीशी आल्या. त्याची पाठ माझ्याखाली ताठ झाली. मी एकेक बोट मोजून सोडलं. शेवटचं सुटेना, ते दुसऱ्या हाताने सोडवलं. लगाम त्याच्या मानेवर पडला. तो दोन पावलं तिरका गेला आणि थांबला. मग फाटकापाशी उगवलेलं गवत खायला लागला. मी खाली उतरले.

मालकीणबाई म्हणाल्या, घोडा राहू दे. आणि मला म्हणाल्या, "त्याला काही झालेलं नाही. तूच अजून तिथे आहेस." त्यांनी मला दोन महिने घोड्यावर बसायला मनाई केलीय. मी वाद घातला नाही.

परतताना ट्रकमध्ये मनात आलं, तुम्ही ओरडला नसतात तरी कदाचित ह्यांनी फाटक बघून आवळला असता. हे तुम्हाला लिहिलं तर तुम्हाला झोप लागेल, म्हणून लिहिते. पण मला ते खरं वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही. ते माझ्यासारखे नव्हते, त्यांचे हात चांगले होते.

तुम्ही विचारलंत, बोलावशील का. माफ केलं असं लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही कागद फाडले. तुमच्यावर माझा जीव आहे. माझे वडील लहानपणीच गेले, अप्पा म्हणायला मला तुम्हीच मिळालात. पण तुम्ही दारात येऊन नुसतं "सूनबाई" म्हणालात तरी मला तो आवाज ऐकू येईल, त्या दिवशी ट्रकमागे असल्यामुळे जो मी ऐकला नव्हता. ते माझ्याच्याने होणार नाही. येऊ नका. या वर्षी तर नकोच. पुढच्या वर्षाचं आज सांगता येत नाही.

पत्र मात्र लिहीत जा. ताई जेवायला वाढतील ते जेवा. आणि जावयाच्या डाव्या मागच्या पायाला घोट्याशी सूज आहे, हाताला गरम लागते, पण लंगडत नाही. तुम्ही त्याला काय लावत होतात ते कळवा.

सून